स्कूटरची बॅटरी, सातवा गट आणि खारं वारं

२०२४ चा श्रावण नुकताच लागला होता. कोकमाच्या आगळाच्या बारा बाटल्या घेऊन मी देवगड तालुक्यातल्या मिठबावहून कुणकेश्वरकडे निघाले होते आणि चढाच्या मध्यावर स्कूटर बंद पडली. डिस्प्ले काळा. दोन मिनिटं थांबून चावी फिरवली तर दिवे लागले, गाडी पंचवीस-तीस पावलं चढली आणि पुन्हा गप्प. भिजत भिजत ती उलटी वळवली. उतार संपल्यावर सपाटीला मात्र ती कुरकुर न करता घरापर्यंत आली. चढाला बंद पडते, सपाटीला चालते, एवढं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

गाडी साधी आहे. २५० वॉटची मोटर, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यामुळे नोंदणी नाही की लायसन्स नाही. सीटखाली ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. घरचा आगळ, सोलं आणि कुळथाची पिठी दुकानांत पोचवायला ती घेतली आणि दोन वर्षं तिच्यावर घर चाललं. माल पोचवल्याच्या वहीत मी किलोमीटरही लिहिते. त्या रात्री वही मागे मागे चाळली. मे महिन्यात एका चार्जला ४५ किलोमीटर. जूनच्या शेवटी ३८. जुलैच्या मध्याला ३१. जुलै संपताना २६. पावसात रस्ता जड जातो, ब्रेक जास्त लागतात, असं मी मनाशी म्हणत राहिले होते. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती. चार्जर हिरवा व्हायला पूर्वी पाच तास लागायचे, जुलैत तो अडीच-तीन तासांतच हिरवा होऊ लागला होता. बॅटरी लवकर भरतेय म्हणून मला बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी दुकानात नेली. तिथल्या माणसाने चावी फिरवली, दिवे लागले, मूठ पिळली, दिवे गेले. "सेल गेले. नवीन बॅटरी टाका. अठरा हजार." जुनी भंगारात पाचशेला घेतो म्हणाला. मीटर लावून बघितलंत का, असं विचारलं तर म्हणाला, लिथियममध्ये बघण्यासारखं काही नसतं. त्या वाक्याचा मला खरोखर राग आला. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आहे, लग्नाआधी तीन वर्षं कुडाळच्या एमआयडीसीत दुरुस्तीच्या टेबलावर बसले आहे. बघण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्या बॅटरीत सेलचे तेरा गट, म्हणजे तेरा तर नुसती व्होल्टेजच असतात!

गाडी परत आणली. बॅटरी पुढचे दोन आठवडे पडवीत तशीच पडून होती. घरात पातोळ्यांची आणि माटवीची बोलणी सुरू झाली होती. ७ सप्टेंबरला गणपती. त्याआधी चाकरमानी गावात उतरतात आणि जाताना प्रत्येकाच्या पिशवीत आगळाच्या दोन-दोन बाटल्या असतात. आमच्या वर्षाच्या विक्रीचा मोठा भाग त्या दहा दिवसांतला. २२ ऑगस्टला पावसाने उघडीप दिली आणि मी बॅटरी खोलायला घेतली.

जागा ठरवण्यात अर्धा दिवस आधीच गेला होता. मांगरात गवत आणि सोडणं, घरात लाकडी माळा, पडवीत झड अडवायला बांधलेल्या झावळ्या. लिथियमचा एक सेल तापून फुटला तर शेजारचा पेटतो, त्याच्या शेजारचा पेटतो, आणि माझ्या बॅटरीत असे १५६ सेल होते. शेवटी मागच्या दारी, विहिरीच्या बाजूला, चिऱ्याचा मोकळा ओटा आहे तिथे पत्र्याखाली बसले. दोन घमेली कोरडी वाळू आणि पाण्याच्या चार बादल्या हाताशी ठेवल्या. वाळूने ज्वाळा आणि ठिणग्या दबतात, पण सेल थंड होतो तो पाण्यानेच, तेही भरपूर. आणि पूर्ण बॅटरीनेच पेट घेतला तर दोन्हीतलं काही पुरत नाही. तेव्हा वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब जायचं, तो धूर छातीत घ्यायचा नाही. हे मी घरात सगळ्यांना आधीच सांगितलं आणि मुलीला काकीकडे पाठवलं.

मग दागिन्यांचा प्रश्न आला. पुन्हा भरता येणाऱ्या अशा बॅटरीत शॉर्ट झालं तर क्षणभरात शेकडो अँपिअर वाहतात. मनगटातली पाटली दोन पट्ट्यांना टेकली तर ती हातातच लाल होईल. मी पाटल्या आणि मंगळसूत्र काढायला लागले तेव्हा सासूबाई पडवीतून आल्या.

"गो, श्रावणात हात भुंडे करतंस?"

मी त्यांना समजावलं, की सोन्यातून वीज जाते, काचेतून जात नाही. हिरव्या बांगड्या हातात राहू देते, फक्त सोनं काढते. त्यांनी क्षणभर विचार केला, पाटल्या आणि मंगळसूत्र पदरात घेतलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. परत येऊन पाट टाकून दाराशी बसल्या.

खोलण्याआधी जे बाहेरून कळतं ते बघून घेतलं. चार्जर एकटा मोजला, ५४.६ व्होल्ट. तेरा गटांना प्रत्येकी ४.२ म्हणजे ५४.६, तेव्हा चार्जर निर्दोष. बॅटरीच्या तोंडावर मीटर ३१ दाखवत होता. हा आकडा फसवा असतो. बीएमएसने, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या पाटीने, वाट बंद केली असली तरी मीटरला काहीतरी झिरपलेलं दिसतं. तिथे एक छोटा दिवा जोडला आणि पुन्हा मोजलं, तर शून्य. म्हणजे बीएमएसने दार लावून घेतलं होतं. का लावलं, ते आत गेल्यावरच कळणार होतं.

पेटीचे स्क्रू काढताना दोघांच्या डोक्यावर तांबूस गंज होता. वायर जिथून बाहेर येते तिथलं रबर चिरलं होतं. झाकण उचलल्याबरोबर मी आधी वास घेतला. सेल गळत असेल तर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो. तो वास आला असता, किंवा एखादा सेल वाकडा, फुगलेला, काळवंडलेला दिसला असता, तर झाकण परत लावून मी काम तिथेच थांबवलं असतं. तसं काही नव्हतं. सेलची निळी आवरणं स्वच्छ, निकेलच्या पट्ट्या बहुतेक चकचकीत.

बॅटरीची रचना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. असा एक सेल अंगठ्याहून थोडा जाड, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर उंच असतो. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन सेल बाजारात आणला, तेच माझं जन्मसाल. असे बारा सेल शेजारी शेजारी जोडून एक गट होतो आणि असे तेरा गट एकापुढे एक. एकापुढे एक असल्यामुळे तेराही गटांतून तेवढाच प्रवाह जातो. घराचा स्लॅब पडतो तेव्हा घमेल्यांची साखळी लागते ना, तसं. तेरा जणांत एकजण थकला की बाकी बारा कितीही धट्टेकट्टे असोत, साखळी त्याच्याच वेगाने चालते. बीएमएस म्हणजे त्या साखळीवर लक्ष ठेवणारा मुकादम. प्रत्येक गटाला जाणारी एक बारीक वायर त्याच्या हातात असते. कुठलाही एक गट फार खाली गेला की तो गाडी थांबवतो, कुठलाही एक गट फार वर गेला की तो चार्जिंग थांबवतो.

आधी पूर्ण बॅटरी मोजली, बीएमएसच्या अलीकडे. ४८.१ व्होल्ट. दुकानदाराने मीटर लावला असता तर त्याला हाच आकडा दिसला असता आणि बॅटरी धडधाकट वाटली असती. बेरीज अशी फसवते. मग बारीक वायरींचा कनेक्टर बीएमएसमधून काढला आणि ऋण टोकापासून एकेक गट मोजत गेले. पहिला ३.७९. दुसरा ३.७९. तिसरा ३.७९. आकडे सासूबाईंना मोठ्याने सांगत होते आणि त्या बोटांवर मोजत होत्या. सहावा ३.७९. सातवा २.६१. आठव्यापासून तेराव्यापर्यंत पुन्हा ३.७९.

एवढ्यावर निदान करायचं नाही, ही कुडाळच्या टेबलावरची शिकवण. वायर खराब असली तरी आकडा खाली दिसतो. म्हणून सातव्या गटाच्या पट्ट्यांवरच मीटरच्या सुया टेकवल्या. तिथेही २.६१. म्हणजे वायर खरं बोलत होती आणि गट खरोखरच रिकामा होता.

इथे चढाचं कोडं सुटलं. मूठ पिळल्यावर मोटर जास्त प्रवाह ओढते, तेव्हा प्रत्येक गट थोडा दबतो. अर्धमेला सातवा गट चढावर दबून हद्दीखाली जायचा, बीएमएस गाडी बंद करायचा. दोन मिनिटांत तो थोडा सावरला की बीएमएस परत दार उघडायचा. आणि चार्जर लवकर हिरवा होण्याचं कारणही तेच. बाकीचे बारा गट अर्धे भरलेलेच असायचे, ते ४.२ ला पोचले की चार्जिंग बंद, सातवा बिचारा मागेच.

पण सातवाच का? कंपनीतून एकाच खोक्यातले सेल लावलेले असतात. एक गट आपोआप इतका मागे पडत नाही. एकतर त्यातला एखादा सेल आतून गळत होता, किंवा बाहेरून कोणीतरी त्या गटाला पीत होतं.

याच वेळी माझे चुलत दीर आले. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, हात चांगला आहे. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वयनी, ह्या बीएमएसचीच कटकट. ता काढून टाकूया, डायरेक्ट जोडूया. गाडी पळतली."

पळाली असती, खरं आहे. किती दिवस, हा प्रश्न होता. रिकाम्या गटातून बाकीच्या बारांनी जोर लावून प्रवाह ढकलला तर तो गट शून्याखाली, उलटा भरायला लागतो. सेलच्या आत ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो. व्होल्टेज फार खाली गेलं की ते तांबं विरघळतं, आणि पुढे चार्ज करताना नको तिथे जाऊन बसतं. तो आतला शॉर्ट एखाद्या रात्री, चार्जर लावून सगळे झोपलेले असताना, पेट घेऊ शकतो. म्हणूनच २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी कधीही जिवंत करत नाही, मग तो किती का नवा असेना. माझा २.६१ होता. हद्दीत होता, पण हद्दीच्या काठावर. हे सगळं भावोजींना सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले आणि म्हणाले, मग कोणीतरी पिणारा शोधायलाच हवा.

बीएमएसची पाटी सोडवून उजेडात धरली. कनेक्टरची खाच जिथे आहे तिथे, सहाव्या आणि सातव्या पिनेच्या मध्ये, हिरवट-पांढरा थर होता. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की जसा कळक चढतो तसा. बोट लावलं तर ओलसर. सासूबाई पाटावरून उठून जवळ आल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यां मिठाक पाणी सुटलां."

अगदी तेच होतं. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, तरी तळाशी पाणी दिसतंच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कधी ८० च्या खाली येत नाही म्हटलं तरी चालेल. पडवीचं तोंड समुद्राकडे. खारं वारं चिरलेल्या रबरातून दोन वर्षं आत जात होतं आणि बारीक मीठ ठेवून येत होतं. उन्हाळ्यात ते मीठ कोरडं, म्हणून निरुपद्रवी. मृग लागला तसं त्याला पाणी सुटलं, आणि खारं पाणी म्हणजे वीज वाहून नेणारी वाट. दोन पिनांमध्ये सातव्या गटाचे पावणेचार व्होल्ट उभे होते, त्यांना रात्रंदिवस गळायला जागा मिळाली.

दिसलं म्हणून खरं मानायचं नाही, मोजायचं. सुटी केलेल्या पाटीवर सहा आणि सातच्या मध्ये रोध मोजला, ४७० ओहम. बाकी कुठल्याही शेजारच्या दोन पिनांमध्ये एक लाखाच्या वर. फरक स्पष्ट होता, पण शंका अजून एक होती. बीएमएसमध्ये प्रत्येक गटासाठी एक बारीक ट्रान्झिस्टर आणि एक रोधक असतो. एखादा गट जास्त भरला तर तो त्यातून थोडा रिकामा करतात. तो ट्रान्झिस्टर चालू स्थितीत अडकला तरी गट असाच पिऊन टाकला जातो. माझ्या पाटीवरच्या त्या रोधकांवर १०१ लिहिलेलं होतं, म्हणजे १०० ओहम. ट्रान्झिस्टर अडकला असता तर मला शंभराच्या आसपासचा आकडा दिसला असता. ४७० दिसत होते. मीठच असावं, पण शहानिशा धुतल्यावर होणार होती.

धुण्याविषयी एक सांगते, कारण इथे बरेच जण चुकतात. मोबाइल दुरुस्तीवाले सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. त्याने तेल, चिकटपणा जातो. मीठ मात्र त्यात जवळपास विरघळतच नाही, नुसतं इकडचं तिकडे सरकतं. मीठ पाण्यातच जातं. म्हणून आधी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि जुना मऊ ब्रश. तीन वेळा धुतलं, दर वेळी नवं पाणी. त्यानंतर अल्कोहोल, तेही पाणी ओढून काढण्यासाठी. मग केस वाळवायच्या यंत्राने कोमट वारा अर्धा तास, आणि वर दोन तास चुलीपासून लांब पण उबेत. पुन्हा मोजलं. सहा-सातच्या मध्ये एक लाखाच्या वर, शेजाऱ्यांसारखंच. ट्रान्झिस्टर निर्दोष ठरला.

मग मी हिशोब मांडला. पावणेचार व्होल्टला ४७० ओहम म्हणजे सुमारे ८ मिलिअँपिअर. मोबाइलच्या चार्जिंगच्या मानाने तो काहीच नाही. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर ०.१९ अँपिअर-तास, आणि ८ जून ते २२ ऑगस्ट या ७५ दिवसांत साडेचौदा. चोवीसातले साडेचौदा! वहीतले ४५, ३८, ३१, २६ हे आकडे मी परत वाचले. तिथे हा गळका थेंब आठवड्या-आठवड्याने लिहिलेला होता आणि मला तो वाचता आला नव्हता.

आता सातव्या गटाला भरायचं. माझ्याकडे जुना पॉवर सप्लाय आहे, ज्यात व्होल्टेज आणि प्रवाह दोन्हीची मर्यादा बांधता येते. ती मर्यादा बांधता येत नसेल तर हे काम करू नये, आणि बारा व्होल्टचा चार्जर एका गटाला लावण्याचा विचारही करू नये. आधी मर्यादा ३ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर. तान्ह्या मुलाला भरवतात तसं. पाऊण तासात गट ३ ला पोचला, कुठलाच सेल कोमटही झाला नाही. तेव्हा प्रवाह २ अँपिअर केला आणि व्होल्टेजची मर्यादा ३.८० वर ठेवली. दुपारचा एक वाजला होता.

तो वेळ मी ओट्यावरून हलले नाही. दर वीस मिनिटांनी पालथ्या हाताने बाराही सेल चाचपायचे, आकडा लिहायचा. सासूबाईंनी जेवण तिथेच आणून दिलं. चार वाजता लाईट गेली. सप्लाय बंद असताना सेलमधून प्रवाह उलटा सप्लायमध्ये जाऊ शकतो, म्हणून पहिलं काम म्हणजे क्लिप काढणं. पाऊण तासाने लाईट आली, पुन्हा सगळं पहिल्यापासून तपासून जोडलं. अंधार पडायच्या सुमारास यजमान बंदरावरून आले. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठल्यापासून ते सकाळी जातात ते संध्याकाळीच येतात. त्यांनी विजेरी धरली. साडेआठला प्रवाह आपोआप कमी कमी होत जवळजवळ थांबला. एकूण १३.१ अँपिअर-तास गेले होते. माझ्या हिशोबाच्या साडेचौदाला हा आकडा पुरेसा जवळचा आहे. हवा रोज सारखी ओली नसते, आणि बीएमएसही चार्जिंगच्या वेळी थोडं भरून काढत असणार.

गट भरला म्हणजे बरा झाला असं नाही. आतून गळणारा सेल असेल तर तो आता उघडा पडणार होता. कनेक्टर न लावता बॅटरी तशीच ओट्यावर, प्लॅस्टिकच्या टोपाखाली, आठ दिवस ठेवली. रोज सकाळी पूजा झाली की तेरा आकडे मुलीच्या जुन्या वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी सातवा ३.७९८ वरून ३.७८९ वर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. पण भरल्यानंतर पहिल्या दिवशी थोडं बसणं साहजिक असतं. दुसऱ्या दिवशी ३.७८८. चौथ्या दिवशी ३.७८७. आठव्या दिवशीही ३.७८७. बाकीचे गट ३.७९० च्या आसपास होते तिथेच होते. आठवड्यात तो वीस-तीस मिलिव्होल्टने जरी घसरला असता तरी मी तो गट वापरला नसता. तेव्हा सेल बदलावे लागले असते, त्याला स्पॉट वेल्डिंग लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. सेलवर थेट कैया, म्हणजे सोल्डरिंगची तापती सळई, लावून डाग देणारे लोक मी बघितले आहेत. ती उष्णता सेलच्या आतल्या पातळ पडद्यापर्यंत जाते, म्हणून ते मी करत नाही. बॅटरी निकामी ठरली असती तरी ती पाचशे रुपयांना भंगारात दिली नसती. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तिथेच पाठवली असती. भंगारवाला ती हातोड्याने फोडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

शेवटची परीक्षा भाराची. अंघोळीचं पाणी तापवायच्या दोन कॉइल बादलीत सोडल्या आणि बॅटरीला जोडल्या. घरच्या विजेवर त्या दीड-दीड हजार वॉटच्या, पण ४८ व्होल्टला दोन्ही मिळून तीन अँपिअरच्या आतच ओढतात, तेव्हा हा भार तसा हलकाच. भार असताना प्रत्येक गट किती दबतो ते मोजलं. बारा गट १४ ते १६ मिलिव्होल्टने दबले, सातवा १९ ने. म्हणजे अडीच महिन्यांच्या उपासमारीने तो थोडा म्हातारा झाला आहे. चालण्याजोगा आहे, पण त्याच्यावर नजर हवी.

बंद करताना मिठाची वाट अडवायला जमेल ते सगळं केलं. कनेक्टरच्या तीन पिनांना कळक होता, त्या एकेक करून नव्या लावल्या. एका वेळी एकच वायर उघडी, बाकी टेपखाली. पाटीवर आर्द्रता अडवणाऱ्या लेपाचा फवारा दोनदा मारला, कनेक्टरची भोकं झाकून, आणि भोकांत सिलिकॉन ग्रीस भरलं. वायरीच्या चिरलेल्या रबराभोवती सिलिकॉन लावलं. इथेही एक खबरदारी आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास देतं, त्यातून ॲसिड सुटतं आणि ते तांब्याला खातं. वास न येणारं, न्यूट्रल लिहिलेलं मागायचं. ते देवगडला मिळालं नाही, भावोजींनी कणकवलीहून आणलं. बीएमएस जोडताना आधी जाड ऋण वायर, मग बारीक वायरींचा कनेक्टर. काढताना याच्या उलट. आत सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवून झाकण लावलं.

३१ ऑगस्टला पहिल्यांदा पूर्ण चार्ज केलं. हिरवा दिवा लागायला पुन्हा साडेचार तास लागले आणि त्याचा मला किती आनंद झाला, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाटल्या आणि मंगळसूत्र देवघरातून काढून माझ्या हाती दिलं आणि बाटल्या मोजून पिशवीत भरल्या. चौदा झाल्या. त्याच चढाला गाडी लावली. मध्यावर पोचले तेव्हा नकळत मूठ सैल झाली. मग पुन्हा पिळली, आणि ती वर चढून सड्यावर आली. त्या चार्जला ४१ किलोमीटर झाले.

गाडी आता पडवीत नसते. मागच्या बाजूला, समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीला तिच्यासाठी पत्र्याचं छप्पर केलं आहे, चार्जिंगही तिथेच, गवतापासून लांब आणि मी जागी असतानाच. पाऊस असेपर्यंत दर अमावस्येला झाकण काढून तेरा आकडे लिहायचे असा नेम ठेवला होता. दसऱ्याआधीच्या अमावस्येला सातवा गट बाकीच्यांपेक्षा ६ मिलिव्होल्ट मागे होता, दिवाळीच्या अमावस्येलाही ६ च.